बोरीकाठचा नळदुर्ग

येथे जमलेल्या शिक्षकांपैकी आणि पंचायत सदस्यांपैकी अनेकांनी नळदुर्गचा धबधबा पाहिला असेल. बंधारा मात्र फार थोड्यांनी पाहिला असेल. बोरी नदीला पूर आला की 'नर' आणि 'मादी' हे दोन प्रपात कोसळू लागतात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर वाहनांची रीघ लागते, आणि ज्या भिंतीवरून पाणी पडते ती भिंतच त्या पाण्याआड झाकून जाते. नळदुर्ग समजून घ्यावयाचा असेल तर तो पाणी ओसरल्यावर, मार्गशीर्ष-पौषात पाहावा.

सोलापूरहून नळदुर्ग सुमारे ४५ किलोमीटर आहे. सकाळी निघालेला प्रवासी किल्ला पाहून सायंकाळपर्यंत तुळजापूर गाठू शकतो.

लोकपरंपरेने नल राजाच्या नावाशी जोडलेला हा दुर्ग बहमनी सत्तेनंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. सोळाव्या शतकात पहिल्या अली आदिलशहाने त्याला दगडी तट घातला. १५८० च्या सुमारास अहमदनगर व गोवळकोंडा यांच्या फौजांनी मिळून वेढा दिला. तरीही किल्ला पडला नाही. पुढे मोगल आले, मग निजाम. १८५३ च्या तहानंतर काही वर्षे हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली होता. त्या काळात येथील अधिकारी असलेला कादंबरीकार मेडोज टेलर याने किल्ल्यातच बिऱ्हाड थाटले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादची पोलिस कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने प्रथम हस्तगत केला तो बोरीवरील पूल आणि नळदुर्ग.

तटाला ११४ बुरूज आहेत असे सांगतात. त्यांत पाकळ्यांसारख्या नऊ अर्धगोलांचा नवबुरूज आवर्जून पाहावा. सर्वांत उंच उपळ्या बुरुजावर चढले की नदीने किल्ल्याला घातलेला वळसा एका दृष्टिक्षेपात येतो. पलीकडच्या तीरावर रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला आहे. या दोहोंना जोडतो तो बंधारा, आणि त्याच्याच पोटात पाणीमहाल आहे.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ मध्ये, मीर इमादीन याने हे काम पुरे केल्याचा फारसी शिलालेख तेथे आहे. बंधाऱ्याच्या माथ्यावरून दगडी जिन्याने खाली उतरले की प्रवासी भिंतीच्या आतील दालनात येतो. एका अंगाला साठलेले पाणी, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि मधे नक्षीदार सज्जा. पूर आला तरी सज्जात उभा असलेला माणूस कोरडा राहतो, कारण माथ्यावरचे पाणी ठरवून दिलेल्या दोन मार्गांनीच खाली जाते. शत्रूला अडविणारा जलाशय, गडाची तहान भागविणारा साठा, दोन किल्ल्यांमधील वाट आणि राजाची विश्रांती, ही चार कामे एकाच भिंतीकडून करून घेतली आहेत.

१९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर मराठवाड्यात अनेक पाझर तलाव झाले. सांडवा चुकला की बांध कसा फुटतो, हे पंचायत सदस्यांना वेगळे सांगावयास नको. येथे पाणी अडविण्याइतकाच विचार ते सोडण्याचा केलेला दिसतो, म्हणूनच चारशे वर्षांनंतरही भिंत उभी आहे. तिला आज पुरापेक्षा अधिक भय आहे ते सांध्यांत रुजणाऱ्या पिंपळाच्या मुळांचे आणि खिळ्याने नावे कोरणाऱ्या हातांचे. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी पाणीमहालात शिरण्यापूर्वीच मुलांना याची समज द्यावी. धबधब्यांचे वेळापत्रकही आता बदलले आहे: वरच्या अंगाचा बोरी प्रकल्प भरून वाहू लागल्यावरच नर-मादी जागे होतात.

किल्ल्यानंतर खंडोबाचे दर्शन. मात्र देव कोठे आहे ते आधी विचारून निघावे! नळदुर्गनजीकचे मैलारपूर आणि शेजारचे अणदूर या दोन ठिकाणी देऊळ आहे, मूर्ती मात्र एकच. वर्षातील बहुतेक काळ ती अणदूरला असते आणि सुमारे पावणेदोन महिने मैलारपूरला. दोन्ही गावांचे मानकरी परस्परांना लेखी करार देतात, तेव्हाच पालखी हलते. एका देवावर दोन गावांचा हक्क असूनही वाद कागदावर मिटविण्याची ही रीत ग्रामकारभार पाहणाऱ्यांनी जवळून पाहण्यासारखी आहे. मैलारपूरची मोठी यात्रा पौष पौर्णिमेस भरते.

तेथून तुळजापूर सुमारे ३५ किलोमीटर. बालाघाटाच्या उतारावरील भवानीमातेच्या मंदिरात जाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. वाटेत कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थे लागतात. येथील मूर्तीही अचल नाही: वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून निद्रेसाठी पलंगावर ठेवतात. शाकंभरी नवरात्राची सांगता पौष पौर्णिमेलाच होत असल्याने त्या दिवशी दोन्हीकडे गर्दी उसळते. शाळेच्या सहलीसाठी तो दिवस टाळावा आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी, मावळतीपूर्वी दर्शन आटोपून सोलापूरचा रस्ता धरावा.