वस्त्रदान : दात्याची परीक्षा

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



संस्थेच्या 50 वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी घेतला आहे. 2023 साली मणिपूरच्या मुलांसाठी आपण केलेल्या वस्त्र व खेळणी संकलनाविषयी मी बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा आहे. त्या मुलांना आपण काय दिले यापेक्षा आपण काय शिकलो, हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

कोल्हापूरच्या मातीला हे कार्य नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाने देशोधडीला लावलेल्या सुमारे 5 हजार पोलिश निर्वासितांना 1943 ते 1948 या काळात येथून जवळच वळिवडे येथे आश्रय मिळाला होता. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुलेच होती. त्यांची स्मृती जपणारा स्तंभ आपल्या महावीर उद्यानात उभा आहे. परक्या देशाच्या लेकरांना ज्या भूमीने जवळ केले, तिला आपल्याच देशातील लेकरे परकी कशी वाटावीत?

3 मे 2023 रोजी मणिपुरात मैतेई व कुकी-झो या समाजांत हिंसाचाराचा वणवा पेटला. सुमारे 60 हजार माणसे बेघर झाली. अनेकांनी नेसत्या वस्त्रांनिशी घर सोडले. शाळा, महाविद्यालये, सभागृहे यांच्या छावण्या झाल्या. इंफाळ खोऱ्यात जानेवारीतील रात्री पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो. डोंगरी भागात थंडी त्याहून तीव्र. म्हणून त्या हिवाळ्यापूर्वी मुलांचे कपडे आणि खेळणी पाठविण्याचे आपण ठरविले.

आवाहन होताच आठ दिवसांत मंदिरामागील सभागृह गाठोड्यांनी भरून गेले. आपल्या औदार्याचा आम्हाला अभिमान वाटला. परंतु गाठोडी सोडू लागलो, तसतसा तो ओसरत गेला. विटलेले सदरे, आटलेले स्वेटर, एका पायाचा मोजा, चाक नसलेली मोटार. निम्म्याहून अधिक माल पाठविण्याजोगा नव्हता. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. तीच चूक आपल्या हातून घडत होती.

निवड करताना महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने एक फ्रॉक उचलला आणि म्हणाली, “काकू, हा कोणी दिला असेल हो? याची चेनच तुटली आहे. ऐन थंडीत त्या पोरीची पाठ उघडी राहायची.”

तो फ्रॉक माझ्या नातीचा होता. मीच दिला होता. ते कबूल करण्याचे धैर्य मला त्या वेळी झाले नाही. आज या व्यासपीठावरून करते. घरातील कपाट रिकामे झाल्याचे समाधान मी दानाचे पुण्य समजून बसले होते. नकोशा वस्तूचा त्याग म्हणजे अपरिग्रह नव्हे, हे एवढी वर्षे प्रवचने ऐकूनही मला उमगले नव्हते. ते त्या तुटक्या चेनने शिकविले.

त्या दिवसापासून आम्ही एकच कसोटी लावली : हा कपडा आपल्या मुलाला घालून आपण पाहुण्यांकडे नेऊ का? नेणार नसू, तर तो पाठवायचा नाही. महिला मंडळाच्या भगिनींनी गुंड्या लावल्या, उसवलेली शिवण घातली, प्रत्येक कपडा धुऊन इस्त्री केला. वयानुसार गठ्ठे बांधून वर चिठ्ठ्या लावल्या. आतील कपडे मात्र नवेच घेतले. आपल्याकडचे स्वेटर तेथील थंडीला पुरणारे नव्हते. दूरवरच्या वाहतुकीवर खर्च करण्याऐवजी जाड लोकरीचे कपडे आणि ब्लँकेट गुवाहाटीतच घेता यावेत, म्हणून काही निधी वेगळा काढला.

खेळण्यांच्या बाबतीत पाठशाळेतील मुले आमचे गुरू झाली. एका मुलाने आपले आवडते टिकल्यांचे पिस्तूल आणले होते. गोळ्यांचे आवाज ऐकून पळालेल्या मुलाच्या हाती ते देऊ नये, असे समजावताच त्याने ते मुकाट्याने परत नेले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची रंगपेटी आणली. नवी, न उघडलेली. चेंडू, ठोकळे, भातुकली, कापडी बाहुल्या हे सारे अशाच हातांनी आले.

एका सद्गृहस्थांनी विचारले, “ही मदत कोणत्या बाजूच्या मुलांसाठी?” प्रश्न अप्रस्तुत नव्हता. त्या वेळी खोऱ्यातील माणूस डोंगरात आणि डोंगरातील माणूस खोऱ्यात जाऊ शकत नव्हता. एका ठिकाणी पोहोचलेली पेटी दुसरीकडे नेणे अशक्य होते. म्हणून आपण दोन समान वाटे केले. एक इंफाळकडे रवाना झाला, दुसरा मिझोराममधील ऐजॉलमार्गे चुराचांदपूरकडे. खर्च वाढला, परंतु कार्यकारिणीत एकही हात विरोधात वर झाला नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही दानाची चार रूपे आपण बालपणापासून ऐकतो. अभय द्यावयाचे तर ते बाजू पाहून कसे देता येईल?

वाटपाची छायाचित्रे मागवावीत, अशीही सूचना आली होती. विश्वस्तांनी ती नम्रपणे नाकारली. घेणाऱ्या बालकाचा चेहरा ही आपल्या दानाची पावती नव्हे.

2025 सालीही मणिपुरातील हजारो कुटुंबे छावण्यांतच होती. एका संकलनाने सारे दुःख सरले, असा समज करून घेऊ नये. सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेने कायमस्वरूपी वस्त्रभांडार सुरू करावे, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. आणि आपणा सर्वांना एक प्रार्थना : गाठोडे बांधण्यापूर्वी प्रत्येक कपडा उजेडात धरून पाहा. गुंडी तुटली असेल तर लावा. मी लावली नव्हती.

जय जिनेंद्र.