तीन कुलुपांची गोष्ट

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, आयात-निर्यातीवर झालं, वीजबिलावर झालं. ते बोललंच पाहिजे. आम्हाला मात्र आज आमच्या घरचंच एक गाऱ्हाणं तुमच्यापुढे ठेवायचं आहे. या गाऱ्हाण्यात सरकारचा दोष नाही, व्यापाऱ्याचा नाही, पावसाचाही नाही. दोष आमचाच आहे. म्हणून सांगताना जीभ जरा अडखळते.

आम्ही एका कोरडवाहू गावातली अकरा घरं. कपाशी, कपाशीत तुरीच्या ओळी आणि भाकरीपुरती, कडब्यापुरती ज्वारी. तूर विकायची आणि डाळ विकत आणायची हा उलटा धंदा बंद करावा म्हणून 2014 साली आम्ही वर्गणी काढली आणि एक लहान डाळ मिल टाकली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावासाठी तयार केलेली मिनी डाळ मिल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्याच जातीचं यंत्र. 100 किलो तुरीला तेल-पाणी लावलं, ऊन दिलं आणि नीट भरडली तर 70 किलोच्या आसपास डाळ पडते. चुनी आणि टरफल ढोरांना. यंत्र चालवणं आम्हाला आठ दिवसांत जमलं. एकमेकांवर विश्वास टाकायला पाच वर्षं लागली.

पहिल्याच वर्षी आम्ही गोदामाच्या दाराला तीन कुलुपं लावली. तीन किल्ल्या तिघांकडे. कोणी एकटा आत जाऊ नये, कोणी एकट्याने माल काढू नये. आम्हाला वाटलं, काय हुशारी केली! 2017 च्या फेब्रुवारीत तुरीचे भाव रोज खाली येत होते. आमची 15 क्विंटल डाळ गोदामात होती. शहरातला व्यापारी सकाळीच गाडी घेऊन दारात आला. दोन किल्ल्या हजर. तिसरा किल्लीवाला लेकीच्या गावी गेलेला, फोन लागेना. व्यापारी दुपारपर्यंत बसला, चहा प्याला आणि शेजारच्या गावाची डाळ भरून निघून गेला. आठवड्याने तीच डाळ आम्ही क्विंटलमागे 300 रुपये कमी घेऊन विकली. 4,500 रुपयांचा फटका. चोर आला असता तरी त्या दिवशी एवढं नेलं नसतं!

त्या रात्री पारावर बसलो तेव्हा आमच्यातलाच एक जण बोलला. तो म्हणाला, “आपण सरकारला काय सांगतो? आमच्या मालावरचे हात काढा. परवाने नकोत, बंदी नको, आमचं बरं-वाईट आम्हाला कळतं. आणि घरात काय चालवतो? परमिट राज!”

त्याचं खोटं नव्हतं. तुम्हीही आपापल्या घरात पाहा. पस्तिशीचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो, पण डिझेलचे पैसे बापाकडे मागतो. कृषी सेवा केंद्र टाकलं, तर गल्ल्यावर मालक स्वतःच. जेवायला उठला की गिऱ्हाइकाला सांगायचं, थोड्या वेळाने या. पिठाची गिरणी असो, दुधाचं संकलन असो, मालक तापाने फणफणला की धंद्याला कुलूप. वर तो अभिमानाने सांगतो, माझ्याशिवाय पान हलत नाही. अहो, ज्या धंद्याचं पान तुमच्याशिवाय हलत नाही, तो धंदा कसला? तो तुमच्या गळ्यातला लोढणा आहे. आणि ज्या पोराला घरी एकही निर्णय घेता येत नाही, ते पोर एमआयडीसीत कमी पगारावरही जातं. निदान महिन्याचा पगार तरी कोणाला न विचारता खर्च करता येतो.

खरं म्हणजे विश्वास टाकणं शेतकऱ्याला नवं नाही. तिफन एकाने हाकायची आणि चाड्यावर मूठ दुसऱ्याने धरायची, ही आपली पेरणीची रीत. हाकणारा दर दहा पावलांवर मागे वळून पाहू लागला तर तास वाकडं जाईल. तो पाहतो समोर. बी कसं पडलं ते उगवल्यावर कळतं, आणि मग दोघं मिळून तुटाळ भरतात. पाडव्याला सालदार ठेवला की लाखाची बैलजोडी त्याच्या स्वाधीन करतो. शेतात जे जमतं ते गल्ल्यावर का जमत नाही? कारण गल्ल्यात पैसा असतो, आणि पैसा आपल्या हाती फार उशिरा आणि फार थोडा आला. आयुष्यभर तोटा सोसलेला माणूस मूठ घट्ट धरतो. यात त्याला हसण्यासारखं काही नाही. पण घट्ट धरलेल्या मुठीतून पेरणी होत नाही, हेही खरं.

मग आम्ही ठरवलं, मिलचा कारभार एका माणसाकडे द्यायचा. आमच्यातल्याच एका घरची सून बारावी झालेली, हिशेबात पक्की. तिला महिन्याच्या पगारावर नेमलं. त्यावर कुरकुर झाली. अकरा घरांचा पैसा सुनेच्या हाती? अशी कुरकुर करणाऱ्यांत चांदवडला जाऊन आलेले लोक होते! 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ज्या गावात 100 घरं जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. किती गावांनी सातबारावर नावं चढवली! चांगलंच केलं. पण सातबारा तिच्या नावावर आणि पासबुक ह्याच्या खिशात, असं किती घरांत आहे ते ज्याचं त्याने आठवावं.

आम्हीही तेच केलं. तिला नेमलं, पण चेकबुक आमच्याकडे. गोदामाच्या दाराशी एक खाट टाकली आणि पाळीपाळीने आमच्यातला एक जण तिथे बसू लागला. गिऱ्हाइकाने भाव विचारला की ती बिचारी खाटेकडे पाही. बैल दिले आणि कासरा आपल्याच हातात ठेवला. असा एक हंगाम गेला. 2018 च्या दिवाळीत तिने सरळ सांगितलं, “काकाजी, एक तर मला काम करू द्या, नाही तर खाटेवर बसणाऱ्यालाच पगार द्या.” तेव्हा कुठे आम्ही बाजूला झालो.

आणि जानेवारीत तिच्या हातून चूक झाली. 12 क्विंटल ओली तूर तिने वाळलेली समजून घेतली. भरडताना टरफल सुटेना, चुनीच जास्त. 6,000 रुपये बुडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या अकरा जण मिलवर हजर! जो तो म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, “चूक माझी आहे. पण काकाजी, तूर घेताना तुम्ही दाताखाली दाणा फोडून पाहता, ते मला कोणी दाखवलं होतं का?”

कोणी दाखवलं नव्हतं. चाळीस वर्षांचं शहाणपण आम्ही आमच्या दातातच ठेवलं होतं! आणि दुसरी गोष्ट. 4,500 रुपये आमच्या तीन कुलुपांनी बुडवले, तेव्हा कोणी कोणाला जाब विचारला नव्हता. अविश्वासाचा तोटा वहीत लिहिला जात नाही. विश्वासाचा तोटा मात्र दवंडी पिटून सांगितला जातो. दोन्ही तोटे एकाच वहीत लिहिले तर कोणता मोठा ते कळेल.

आम्ही तिला काढलं नाही. रीत बदलली. ती थोडक्यात सांगतो.

पहिलं, काम दिलं की त्या कामापुरता अधिकार आणि पैसाही द्यायचा. 10,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार ती कोणाला न विचारता करते. त्यावरचा असेल तर आमच्यातल्या दोघांना फोन. त्यामुळे चूक झाली तरी किती मोठी होईल, हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरं, आपल्याला जे येतं ते शिकवून मगच हात काढायचा. दाणा कसा फोडायचा, चाळणी कोणती लावायची, ऊन किती दिवस द्यायचं, हे आता भिंतीवर लिहिलं आहे. ओलावा मोजायचं यंत्रही घेतलं.

तिसरं, पोती मोजणारा एक आणि वहीत लिहिणारा दुसरा. विश्वास म्हणजे डोळे मिटणं नव्हे. दर शुक्रवारी, बाजारच्या दिवशी, पारावर वही मोठ्याने वाचली जाते. ज्याला विचारायचं त्याने तिथे विचारावं.

चौथं, गिऱ्हाइकासमोर मध्ये बोलायचं नाही. तिने भाव चुकीचा सांगितला असं वाटलं तरी शुक्रवारपर्यंत तोंड बंद. हे सगळ्यांत अवघड गेलं.

कोणी विचारेल, आपला कापूस आपण एकाधिकार खरेदीच्याही हवाली करतच होतो ना? 1972 पासून कित्येक वर्षं केला. ग्रेड त्यांनी लावायची, पैसे ते देतील तेव्हा आणि दुसरीकडे विकायची बंदी. त्याला विश्वास म्हणत नाहीत. ज्याला हिशेब विचारता येत नाही आणि ज्याच्याकडून काम काढून घेता येत नाही, त्याच्या हाती माल देणं ही सक्ती असते. विश्वास टाकणाऱ्याकडे हिशेब मागण्याचा हक्क राहिला पाहिजे.

गुजरातेत पाहा. खेडा जिल्ह्याचा दूध संघ 1946 साली उभा राहिला. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे अध्यक्ष. 1949 साली वर्गीस कुरियन नावाचा केरळचा इंजिनिअर सरकारी नोकरीनिमित्त आणंदला आला. ना भाषा एक, ना जात, ना गाव. त्रिभुवनदासांनी त्याला थांबवून घेतलं आणि 1950 पासून संघाचा कारभार त्याच्यावर सोपवला. सभासदांना सांभाळणं त्रिभुवनदासांकडे, डेअरी चालवणं कुरियनकडे. सहकाराबद्दल आपले मतभेद असोत, पण एवढं शिकण्यासारखं आहे. 2002 साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली, तिच्यातही हेच आहे. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमलाच पाहिजे आणि तो सभासदांबाहेरचा असला पाहिजे. कायद्याने सांगितलं म्हणून माणूस नेमायचा आणि चेकबुक अध्यक्षाने उशाखाली घेऊन झोपायचं, अशा कंपन्याही आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या दारालाही तीन कुलुपंच असतात, फक्त दिसत नाहीत.

शेवटचं सांगतो. 2021 साली आमची सूनबाई बाळंतपणासाठी तीन महिने माहेरी गेली. आमच्यातल्या तिघांनी ठरवलं, आता पुन्हा खाटेवर बसावं लागणार. जाऊन पाहतो तो मिल चालू. तिने गावातल्या एका पोराला आधीच सहा महिने हाताखाली घेऊन शिकवलं होतं. वही त्याच्या हातात. आणि खाट? खाट तिने जाण्यापूर्वीच उचलून माळ्यावर टाकली होती.

आम्हाला पाच वर्षं लागली ते तिने सहा महिन्यांत केलं.

तेव्हा भावांनो, आज घरी गेल्यावर एवढंच करा. एक काम निवडा. मोठं नको. बियाणं आणणं असेल, वेचाईचा हिशेब असेल, ज्वारी विकणं असेल. ते मुलाकडे द्या, सुनेकडे द्या, घरच्या लक्ष्मीकडे द्या. त्या कामाचा पैसा त्याच्याबरोबर द्या. हिशेबाचा दिवस ठरवा. आणि एक हंगामभर मागे वळून पाहू नका. तोटा झाला तर वहीत लिहा, पुढच्या मेळाव्यात आम्हाला दाखवा. आम्हीही आमची वही आणू.