मोरी केवढी ठेवणार?

मुंबईत रस्त्यासाठी खारफुटी तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. आपल्या ओढ्याला वाली कोण?

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना, बदनापूर तालुक्यांतून गेलाय. असा रस्ता भरावावर उभा राहतो. भरावाला मुरूम लागतो, त्यासाठी टेकड्या पोखरल्या जातात. शिवारभर पसरत ओढ्याला मिळणारं पावसाचं पाणी मग मोरी असेल तिथूनच जातं. मोरी अरुंद असली, गाळानं बुजली, की वरच्या अंगाचं सोयाबीन सडतं आणि खालच्या विहिरीला पाणी उतरत नाही. मग हंडा कुणाच्या डोक्यावर, ते सांगायला नको.

आता जालना-नांदेड द्रुतगती मार्ग होऊ घातलाय. घरोघर मोबदल्याचीच चर्चा, तीही हवीच. पण ग्रामसभेत आपण बायांनी नकाशा मागायचा: आपल्या ओढ्यावर मोरी कुठं, केवढी, आणि मृगाआधी तिचा गाळ कोण काढणार?