फियाट की अँबेसेडर?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



कमिटीने मला जुन्या आठवणी सांगायला उभं केलंय. मी दोन गाड्यांबद्दलच बोलणार आहे, कारण त्यातली एक अजून पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली उभी आहे आणि ती हलवा, अशी नोटीस मला आलेली आहे!

सोसायटी झाली तेव्हा इथे दोनच मोटारी. माझी प्रीमियर पद्मिनी आणि शेजारच्या गुरुजींची डिझेल अँबेसेडर. पद्मिनीला आपण सगळे फियाटच म्हणायचो. कुर्ल्याच्या कारखान्यात १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, पण नाव बदलून सवय थोडीच बदलते?

रोज संध्याकाळी ओट्यावर आमचा वाद. माझं इंजिन १०८९ सीसीचं, त्यांचं १४८९ सीसीचं. ताकद दोघींची चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, पण त्यांचं धूड कितीतरी जड. मलकापूरच्या सपाट रस्त्याला मी त्यांना मागे टाकून पुढे चहा सांगून ठेवायचो. स्टिअरिंग हलकं, गिअर बोटांवर पडायचा. गुरुजींना वळण घ्यायचं म्हणजे मोटेची दोरी ओढल्यासारखं! पण त्यांच्या गाडीत लग्नाची सात-आठ माणसं, वर कॅरिअरवर गाद्या, शिवाय डिझेल स्वस्त. आमच्याकडे मे महिन्यात पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसायची पाळी. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना आपलं ऊन सोसायचं नाही.

आता एक गोष्ट, जी मी आजवर जाहीर बोललो नाही.

सोसायटीचं दुसरं वर्ष. रात्री अकराला मंडळींना कळा सुरू झाल्या, बुलडाण्याला न्यायचं ठरलं. गुरुजी म्हणाले, "माझी घ्या." मी म्हटलं, तुमची घाट चढेपर्यंत उजाडेल. फॅन बेल्टला चीर गेलेली मला महिनाभर माहीत होती. राजूर सोडलं, घाट लागला आणि डायनामोचा लाल दिवा लागला. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप. दोन वळणांत काटा टोकाला, बॉनेटमधून वाफ. दोष गाडीचा नव्हे, माझ्या आळसाचा.

एका मोटारसायकलवाल्याने सोसायटीत निरोप दिला. काही वेळाने खालच्या वळणावर पिवळट दिवे दिसले. गुरुजींनी विचारलं नाही, बोल लावला नाही. "बसा पटकन. बेल्टचं मंग पाहू." मागची सीट एवढी ऐसपैस की हिला आडवं झोपवता आलं. दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत, बैलगाडीच्या चालीने, पण एकदाही न थांबता ती गाडी घाट चढली. थोरली पहाटे झाली.

त्यानंतर मी वाद घातला नाही असं नाही. घातला, पण पूर्वीसारखा जोर नव्हता.

कुर्ल्याची गाडी बंद झाली, २०१४ ला अँबेसेडरही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली. गुरुजी गेले, त्यांची गाडी मुलांनी विकली.

तेव्हा कमिटीला सांगतो, जागा मोकळी करतो. फक्त दिवाळीपर्यंत मुदत द्या. नवा फॅन बेल्ट परवाच बसवलाय, दोन बेल्ट डिकीत ठेवलेत. थोरली सुट्टीवर आली आहे, गाडी तीच चालवणार. एकदा राजूरचा घाट चढवून बघायचाय.