टाके पिकले, दोष कुणाचा?

(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

सकाळी ओळखी करून घेताना बऱ्याच जणींनी आपापल्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. कुणाचं सिझर, कुणाचं कुटुंबनियोजनाचं, कुणाची पिशवी काढलेली. टाके पिकल्याचं अनेकींनी सांगितलं, आणि त्यापुढचं वाक्य जवळजवळ सगळ्यांचं एकच होतं. "घरचे म्हणाले, तूच लवकर पाण्यात हात घातलास. भात खाल्लास, म्हणून पू झाला." माझ्या सिझरनंतर माझाही भात बंद झाला होता. टाके तरीही पिकले. ड्रेसिंग करताना डॉक्टर म्हणाले, "बाई, स्वच्छता ठेवत नाही तुम्ही." मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

आज ती मान वर करायची आहे. भाताने टाके पिकत नाहीत, जंतूंमुळे पिकतात. आणि ते जंतू बहुतेक वेळा ऑपरेशनच्या टेबलावरच जखमेत शिरतात. आपल्याच कातडीवरून, ऑपरेशन करणाऱ्यांच्या हातांवरून, अवजारांवरून. म्हणून चौकशी बाईच्या ताटापासून नव्हे, टेबलापासून सुरू झाली पाहिजे.

मला बोलायला सांगितलंय ते एका नव्या उपायाबद्दल. जखमेतच अँटिबायोटिक ठेवणारं हायड्रोजेल. नाव अवघड आहे, वस्तू ओळखीची आहे. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याभोवती बुळबुळीत थर धरतो, तो हायड्रोजेलच. सॅनिटरी नॅपकिनमधली पावडर ओल शोषून जेली होते, तेही तेच. आत एक बारीक जाळं असतं आणि त्यात पाणी धरून ठेवलेलं असतं. पाण्याबरोबर औषध भरलं, तर तेही हळूहळू बाहेर झिरपतं.

याचा फायदा काय? गोळी किंवा इंजेक्शन रक्तावाटे सगळ्या अंगात फिरतं. पण कापलेल्या जागी रक्तवाहिन्याही कापलेल्या असतात, तिथे औषध कमी पोचतं. शरीरात धातूचा सांधा किंवा जाळी बसवली असेल, तर जंतू तिला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट कवच करतात. एकदा ते झालं की औषधाला दाद देत नाहीत. म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. त्या वेळात जेलमधून त्याच जागी भरपूर औषध मिळतं आणि बाकीच्या शरीराला थोडंच लागतं.

युरोपात असं एक जेल वापरात आलं. आपल्या सांध्यांमध्ये निसर्गतःच असणारं हायलुरोनिक आम्ल आणि शरीरात विरघळणारं एक प्लास्टिक यांपासून ते केलेलं आहे. ऑपरेशनच्या वेळीच त्यात अँटिबायोटिक कालवतात, कृत्रिम सांध्यावर लेप देतात आणि सुमारे तीन दिवसांत ते विरघळून जातं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुब्याचे आणि गुडघ्याचे ३८० रुग्ण होते. जेल न लावलेल्यांपैकी ११ जणांना सुरुवातीच्या काळात जंतुसंसर्ग झाला, लावलेल्यांपैकी एकालाच.

ऐकून बरं वाटतं. पण दुसरी बाजूही ऐका. जखमेत औषध ठेवायचं म्हणून जेलच्या आधीपासून एक स्पंज वापरत असत, कोलॅजनचा, जेंटामायसिन भरलेला. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या ६०२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१० साली निष्कर्ष आला तो उलटाच. स्पंज ठेवलेल्यांपैकी ३० टक्क्यांना संसर्ग झाला, न ठेवलेल्यांपैकी २०.९ टक्क्यांना. म्हणजे कल्पना चांगली असली म्हणून उपाय चांगला ठरतोच असं नाही. शिवाय यातला एकही अभ्यास सिझरच्या किंवा नसबंदीच्या टाक्यांवर झालेला नाही.

हे मी जोर देऊन सांगते, कारण बाईच्या शरीरात काहीतरी सोडून द्यायचं आणि तिला सांगायचं नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायकांना बोलावलं होतं. ही चाचणी आहे, हे त्यांना धड सांगितलेलं नव्हतं. १९८६ साली स्त्री-संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गोळी नकोशी झाली तर उद्यापासून बंद करता येते. आत गेलेलं औषध असं थांबवता येत नाही. जेलच्या बाबतीतही विचारायलाच हवं. यात कोणतं औषध आहे? मला त्याची अ‍ॅलर्जी असली तर? माझ्यावर चाचणी करताय का?

आणि जेल नाही म्हणून आपल्या बायका मरतात का? २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका बंद पडलेल्या इस्पितळाच्या इमारतीत ८३ बायकांची नसबंदी झाली. डॉक्टर एक, वेळ काही तासांचा. पुढच्या काही दिवसांत १३ बायका गेल्या. औषधात विषारी भेसळ होती की जंतुसंसर्ग झाला, यावर वाद झाले. पण एक लक्षात घ्या, अँटिबायोटिकच्या गोळ्या त्यांच्याही हातात दिल्या होत्या. धुतलेले हात, उकळलेली अवजारं आणि प्रत्येक बाईसाठी पुरेसा वेळ, याची जागा कोणतंही औषध घेऊ शकत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं, ते देविका बिस्वास यांच्या याचिकेवर. त्यांनी ती २०१४ च्या आधीच, बिहारमधल्या शिबिराबद्दल केली होती.

स्वस्तातले उपाय माहीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली ते लिहून ठेवले. ऑपरेशनआधी अंघोळ. ब्लेडने केस काढू नयेत, कारण त्याने बारीक जखमा होतात. काढावेच लागले तर यंत्राने कापावेत. जिथे अँटिबायोटिक गरजेचं आहे, तिथे ते छेद घेण्याआधी, दोन तासांच्या आत द्यावं. आणि ऑपरेशन झाल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून ते चालू ठेवू नये. आपल्याकडे काय होतं? ब्लेड फिरवतात आणि घरी जाताना पाच दिवसांच्या गोळ्या बांधून देतात. अशा उधळपट्टीने जंतू औषधांना सरावतात. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, जेलला माझा विरोध नाही. बाळंतिणीच्या टाक्यांवर त्याची नीट, तिला विचारून चाचणी व्हावी आणि उपयोगी ठरलं तर ते सरकारी दवाखान्यातही मिळावं. तोवर प्रत्येक गटाने आपल्या भागात एक वही घालावी. ऑपरेशन कुठे झालं, केस कसे काढले, इंजेक्शन कधी दिलं, टाके पिकले का, कितव्या दिवशी? एकटीचे टाके पिकले तर ती तिची चूक ठरते. एकाच दवाखान्यातल्या दहाजणींचे पिकले, तर उत्तर दवाखान्याला द्यावं लागतं.

पहिल्या पानावर माझी नोंद करा.