थांबलेले मैदान आणि खेळाडू विद्यार्थी
(क्रीडाशिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात केलेले भाषण)



जानेवारी २०२० मध्ये गुवाहाटी येथे झालेल्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत महाराष्ट्राच्या मुलामुलींनी २५६ पदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला. दोन महिन्यांतच कोविडच्या साथीमुळे शाळा, तालमी आणि मैदाने बंद झाली. या स्पर्धा पुन्हा भरल्या त्या जून २०२२ मध्ये, पंचकुला येथे. गुवाहाटीला १६ वर्षांचा असलेला खेळाडू तोवर १८ वर्षांचा झालेला होता.

या हिशेबाकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. परीक्षा पुढे ढकलता येते, प्रसंगी रद्दही करता येते. २०२१ साली दहावीची परीक्षा झाली नाही, तरीही मुले पुढच्या वर्गात गेली. वयोगट मात्र कोणासाठी थांबत नाही. शासकीय नोकरीतील ५ टक्के राखीव जागांवर आशा ठेवून, पोटाला चिमटा घेऊन ज्या घरांनी मुलाच्या खुराकाची सोय केली, त्या घरातील मुलाच्या मनावर केवढे ओझे आले असेल! ‘खेळच तर बंद आहे, अभ्यास कर’ हे आपले उत्तर त्याच्या जिव्हारी लागले नसेल तरच नवल. कित्येक मुलींना तर सराव हेच घराबाहेर पडण्याचे एकमेव निमित्त होते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने मे २०२० मध्ये ३,२४३ शालेय खेळाडूंची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के मुलांनी चिंता व नैराश्याची अशी लक्षणे सांगितली, की एरवी वैद्यकीय मदतीचा विचार करावा लागला असता. तेथील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. परंतु पुढे ज्यांना खेळता आले, त्यांची मनःस्थिती इतरांहून बरी आढळली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

असा मुलगा ‘मी खचलो आहे’ असे सहसा म्हणत नाही. तो रात्री जागतो, चिडतो, जेवण टाळतो, जुन्या सवंगड्यांना चुकवतो. हे प्रथम क्रीडाशिक्षकाच्या नजरेस येते. म्हणून मैदान बंद ठेवण्याची वेळ पुन्हा आली, तर शिक्षकांनी प्रत्येक खेळाडूशी आठवड्यातून एकदा तरी बोलावे, आणि ते केवळ व्यायामाची चौकशी करण्यापुरते नसावे. आरोग्य खात्याची अनुमती असेल तेथे पंचायतीने लहान तुकड्यांना मोकळ्या जागेत सरावाची वेळ नेमून द्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक शाळेत व पंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लावावा, आणि मुलांना तो तोंडपाठ करून द्यावा.