ग्वाल्हेरची थंडी आणि डोंगरातला बर्फ



मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागातला. मला लहानपणापासून वेड आहे ते बर्फाचं, आणि बर्फ तर माझ्या गावात कधीच पडत नाही. आमचं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लू वाहते, दुपारी रस्ते ओस पडतात. अशा गावातल्या माणसाला बर्फाची ओढ का लागावी, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की आमच्या गावाला हिवाळाही तितकाच खरा लाभला होता. त्या हिवाळ्यानेच मला बर्फाची गोडी लावली. गेली काही वर्षं तो हिवाळा नीट येत नाही, आणि ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली आहे. आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

शिंद्यांबरोबर दख्खनेतून जी मराठी घराणी इकडे आली, त्यांना ही थंडी नवीन होती. मराठी घरांनी इथे कापूस पिंजून भरलेली रजई आपलीशी केली, अंगणात सिगडी आली, संक्रांतीच्या तिळगुळाशेजारी गजक येऊन बसली. शहराचे मोठे सोहळेही थंडीतच बेतलेले. तानसेनाच्या समाधीपाशी डिसेंबरात होणारा संगीत समारोह २०२४ साली शंभरावा झाला. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला मेळाही हिवाळ्यातलाच. शाली-कांबळी गुंडाळून, एकमेकांना खेटून रात्रीचं गाणं ऐकायचं आणि पहाटे कानटोपी घालून घरी परतायचं, हे ज्याने केलं आहे त्याला ग्वाल्हेरची थंडी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही मुलं जानेवारीत गच्चीवर एक उद्योग करायचो. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल अशा रात्री गच्चीच्या कोपऱ्यात वाळकं गवत पसरायचं, त्यावर मातीच्या उथळ परळात बोटाच्या पेराएवढंही भरणार नाही इतकं पाणी ओतायचं आणि झोपायला जायचं. उजाडायच्या आत वर धावायचं. एखाद्या सकाळी त्या पाण्यावर काचेसारखा पातळ पापुद्रा आलेला असे. कडेकडेने तो जाडसर असे, मध्ये बोट लावलं की तडकन फुटे. तो तुकडा तळहातावर घेऊन आम्ही जिना उतरायचो, आणि आजीला दाखवेपर्यंत हातात नुसता ओलावा उरायचा.

पुढे कळलं, की आम्ही खेळ म्हणून जे करत होतो तो एके काळी मोठा धंदा होता. बर्फाचे कारखाने येण्यापूर्वी प्रयागकडे हिवाळ्याच्या रात्री मोकळ्या मैदानात गवत अंथरून त्यावर अशीच हजारो परळं मांडत. पहाटे त्यांतला बर्फ गोळा करून जमिनीखालच्या खड्ड्यांत उन्हाळ्यासाठी साठवून ठेवत. हवा शून्य अंशापर्यंत उतरलेली नसली तरी पाणी गोठतं. निरभ्र रात्री उघड्यावरचं पाणी आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतं आणि खालच्या गवतामुळे जमिनीची ऊब त्याला मिळत नाही. मात्र त्यासाठी हवा मुळात चांगली थंड आणि कोरडी असावी लागते.

ग्वाल्हेरजवळच्या आंतरीला एक कबर आहे. १६०२ साली वीरसिंह देव बुंदेल्याच्या माणसांनी ज्याला वाटेत गाठून मारलं, त्या अबुल फजलची ती कबर. अकबराच्या दरबारी पाणी कसं थंड करत, हे त्याने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलं आहे. आधी सोऱ्याने पाणी गार करत. पुढे दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला, नावांतून, गाड्यांतून, माणसांच्या खांद्यांवरून. म्हणजे मैदानातल्या माणसाने बर्फासाठी डोंगराकडे डोळे लावून बसणं, ही आजची गोष्ट नाही.

डोंगरातला खरा बर्फ मी प्रथम पाहिला तो सिमल्याच्या वर, नारकंड्याला. सकाळी बाहेर पाऊल टाकलं तर सगळा उतार पांढरा, आणि अजून भुरभुर चालूच होती. काळ्या लोकरीच्या कोटाच्या बाहीवर एक कण येऊन टेकला. त्याच्या सहाही पाकळ्या स्वच्छ दिसत होत्या, प्रत्येक पाकळीला बारीक काटेरी फाटे. नीट पाहायला वाकलो, तर माझ्या श्वासानेच त्याचं पाणी झालं. तेव्हापासून संधी मिळेल तेव्हा मी हिवाळ्यात डोंगर गाठतो. ही ओढ माझ्या एकट्याची नाही. पुण्या-मुंबईची तरुण मुलं डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जातात ती बर्फ तुडवायला. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले अशी बातमी आली, की लोक पहाटे उठून गवतावरची ती पांढरी साय पाहायला जातात. आणि हल्ली याच लोकांच्या तोंडून मी वारंवार ऐकतो, की गेलो खरे, पण बर्फ काही मिळाला नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. ग्वाल्हेरची कडाक्याची थंडी आणि हिमालयातला बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वादळी हवेचे पट्टे निघतात. उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर ते इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. हा विक्षोभ आला, की काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पडतो आणि आमच्याकडे ढग येतात, जमलं तर मावठ्याच्या चार सरी पडतात. तेवढे दिवस आमच्या रात्री उबदार असतात, कारण ढग रजईसारखे वर पसरलेले असतात. तो पुढे सरकला, की आकाश उघडतं, वारा वायव्येचा होतो आणि ताज्या बर्फाच्या मुलुखावरून गार होत आमच्यापर्यंत येतो. मग पारा घसरतो. मैदानात किमान तापमान ४ अंश किंवा त्याहून खाली गेलं की शीतलहर आणि २ अंशांवर किंवा त्याखाली गेलं की तीव्र शीतलहर, असा हवामान खात्याचा हिशेब आहे. आमच्या परळातलं पाणी गोठायचं ते अशाच रात्री. तो पापुद्रा ग्वाल्हेरच्या गच्चीवर धरायचा, पण त्यामागची थंडी डोंगरातल्या बर्फावरून आलेली असायची.

म्हणून डोंगरात बर्फ पडला नाही, की आमचा हिवाळाही बिघडतो. २०२४ चा जानेवारी आठवा. जोरकस विक्षोभ जवळजवळ आलेच नाहीत. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-कलां’ असतो, कडाक्याच्या थंडीचा काळ. ऐन त्या काळात गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते. बर्फ पडला तो जानेवारी संपता संपता. त्याच दिवसांत गंगेच्या खोऱ्यापासून आमच्या चंबळेपर्यंत धुकं ठाण मांडून बसलं होतं. ते हलवायला वारा नव्हता, धुवून काढायला पाऊस नव्हता. दिवसचे दिवस ऊन जमिनीला लागलं नाही. लोक म्हणाले, यंदा काय थंडी पडली! पण निरभ्र आकाशाची, कोरडी, अंगात हुशारी आणणारी थंडी ती ही नव्हती. हा कोंदट गारठा होता. रात्रीचं तापमान फार उतरत नव्हतं, दिवसाचं मात्र चढत नव्हतं. हवामान खातं अशा दिवसांची ‘कोल्ड डे’ म्हणून शीतलहरीपेक्षा वेगळी नोंद करतं, आणि ते योग्यच आहे.

एखादा हिवाळा असा जायचाच, असं म्हणून मीही मनाची समजूत घातली असती. पण आता एकामागून एक हिवाळे असेच जात आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत औलीला व्हायच्या हिवाळी क्रीडा स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला होणाऱ्या ‘खेलो इंडिया’च्या हिमक्रीडा बर्फ पुरेसा नाही म्हणून पुढे ढकलल्या आणि मार्चमध्ये घेतल्या. काठमांडूची ‘इसिमोड’ ही संस्था हिंदुकुश-हिमालयात बर्फ जमिनीवर किती काळ टिकतो, हे मोजते. २०२५ च्या हंगामात हे टिकणं सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी भरलं. तेवीस वर्षांतला हा नीचांक, आणि लागोपाठ तिसरं तुटीचं वर्ष. खाली मैदानातही तीच कथा. देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदी पाहिल्या, तर दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाच्या बाबतीत २०२३ चा फेब्रुवारी त्या वेळेपर्यंतचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि २०२४ हे सबंध वर्ष सर्वांत उष्ण ठरलं.

उशिरा पडलेल्या बर्फावर समाधान मानावं, असंही कुणी म्हणेल. पण डिसेंबर-जानेवारीत पडलेला बर्फ थरावर थर बसून घट्ट होतो, पुढचे महिने टिकतो आणि हळूहळू नद्यांना पाणी देतो. फेब्रुवारीअखेर पडलेल्याला बसायला वेळच मिळत नाही. वर मार्च-एप्रिलचं ऊन असतं. तो आला तसा जातो.

आमच्या ग्वाल्हेरचं पिण्याचं पाणी तिघऱ्याच्या तलावाचं, म्हणजे पावसाचं. तेव्हा बर्फ आटला म्हणून उद्या आमचे नळ कोरडे पडतील, असं मी म्हणणार नाही. आमचं नुकसान शेतात होतं. भिंड-मुरैन्याकडे जानेवारीत गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक फुललेली दिसते, पलीकडे गहू. या दोन्ही पिकांना लांब, थंड हिवाळा लागतो. गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असतानाच उष्मा सुरू झाला, तर दाणा बारीक राहतो. २०२२ च्या मार्चने हे दाखवून दिलं. तोवरच्या नोंदींतला तो देशातला सर्वांत उष्ण मार्च. गव्हाचं उत्पन्न घटलं आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. मावठा वेळेवर आला तर शेतकऱ्याचं एक पाणी वाचतं. आणि थंडीची घडी विस्कटून फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तर उभं पीक आडवं होतं. आभाळातून आमच्या वाट्याला येणारा बर्फ तेवढाच, आणि तो असा.

गजकवाल्याकडे उभं राहून पाहा. गुळाचा पाक खुंटीला अडकवून तो ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. काळपट पाक फिकट सोनेरी होईपर्यंत हे चालतं. मग त्यात भाजलेले तीळ मिसळून लाकडी मोगरीने कुटतो. कोरडी थंडी असेल तर गजक अशी खुसखुशीत होते, की जिभेवर ठेवताच पदर सुटतात. हवा दमट किंवा उबदार असली की ती चिवट पडते, एकमेकीला चिकटते. मुरैन्याच्या गजकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते मानांकन जितकं मुरैन्याचं, तितकंच इथल्या थंडीचं आहे. ‘अब वो ठंड ही नहीं पड़ती, बाबूजी,’ हे मोगरी चालवणारा माणूस हातातलं काम न थांबवता सांगतो.

एक आक्षेप मी मनापासून मानतो. थंडी कमी झाली तर उघड्यावर झोपणाऱ्या गरिबाला बरंच, मग तिची ओढ धरणं हा पोटभरल्या माणसाचा छंद नाही का? फुटपाथवर कुडकुडणारा माणूस मीही पाहतो, आणि त्याच्यासाठी रैनबसेरे, कांबळी, शेकोटीची लाकडं हवीतच. पण मघाशी सांगितलेला धुक्याचा गारठा त्याला जास्त छळतो. कडक थंडीच्या दिवशी निदान दुपारचं ऊन त्याच्या वाट्याला येतं, धुक्यात तेही मिळत नाही. आणि गव्हाचा दाणा बारीक राहिला, तर महाग पिठाची झळ आधी त्यालाच लागते. चांगला हिवाळा सगळ्यांच्याच गरजेचा आहे.

श्रोतेहो, मान्सूनची आपण कशी वाट पाहतो! १ जूनच्या आसपास तो केरळात पोचला का, कुठे अडला, किती टक्के पडला, हे चहाच्या टपरीवरही विचारलं जातं. त्या विचारण्यामुळेच पावसाची नोंद राहते, तूट उघड होते, सरकारला जाब द्यावा लागतो. डोंगरातल्या बर्फाची चौकशी मात्र फक्त पर्यटक करतो, आणि तीही आपल्या सुट्टीपुरती. ही चौकशी आपण मैदानातल्या लोकांनी करायला हवी. डिसेंबर लागला की विक्षोभ किती आले, गुलमर्ग-औलीला बर्फ किती बसला, आपल्या गावी शीतलहरीच्या रात्री किती झाल्या, हे विचारा. घरात जुन्या वह्या असतील, आजोबांनी थंडीबद्दल काही लिहून ठेवलं असेल, तर ते जपा आणि त्यापुढे तुमचं लिहा. शाळांनी मुलांना पहाटेचा पारा वाचायला शिकवावं. हवा तापवणाऱ्या धुराबद्दल आपण बोलतो ते उन्हाळ्यात. ते जानेवारीतही बोललं पाहिजे, कारण हिवाळा चोरपावलांनी जातो आणि उकाड्यासारखी त्याच्या जाण्याची बोंब होत नाही.

बर्फावर प्रेम करणाऱ्या माणसाची निराशा मी आज तुमच्यासमोर मांडली. ही निराशा मी टाकून देणार नाही. जे गेलं त्याची हळहळ जिवंत आहे, तोवर ते परत मागण्याचा हक्कही शाबूत आहे. हा हक्क ग्वाल्हेरच्या गव्हाचा, मोहरीचा आणि आपल्या मुलांचा आहे, म्हणून तो आपण सगळ्यांनी मिळून बजावू या.